नाताळचे गीत आणि दुःखाचा सूर

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अभनपूर लागते. तेथून एक फाटा राजिमच्या संगमाकडे वळतो. भाताची कापणी उरकून खळी भरली की या मुलखात गाण्याचे दिवस येतात. १८ डिसेंबरला गुरू घासीदासांची जयंती असते. सतनामी समाजाच्या वस्त्यांतून तरुणांची मंडळे मांदर आणि झांज यांच्या ठेक्यावर पंथी गातात व नाचतात. मुख्य गायक एक ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात. लय चढत जाते आणि अखेरीस शब्दांपेक्षा पावलांचा व श्वासांचा आवाजच अधिक ऐकू येतो. त्यानंतर सातच दिवसांनी नाताळ येतो. धमतरीला अमेरिकेतील मेनोनाइट पंथाचे मिशनरी १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत आले. त्यांच्याही तीस वर्षे आधी, १८६८ साली, रायपूरच्या उत्तरेकडे बिस्रामपूर येथे ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने आपले ठाणे वसविले होते. लोरकडे प्रथम वळले ते मुख्यत्वे सतनामीच. तेव्हा एका आठवड्याच्या अंतराने येणाऱ्या या दोन उत्सवांतील माणसे काही पिढ्यांपूर्वी एकाच अंगणात बसणारी होती, हे विसरून चालणार नाही.

एखादा समाज नवा धर्म स्वीकारतो तेव्हा त्या धर्माचा ग्रंथ दहा-वीस वर्षांत त्याच्या भाषेत उतरतो. चालीचे तसे नसते. मिशनरी आपल्याबरोबर स्तोत्राचे शब्द आणतो आणि त्याची चालही आणतो. इंग्रजी स्तोत्राची ओळ बहुधा आघाताने संपते. मराठी शब्दाला तसा नेमका आघात नाही, त्याचे वजन ऱ्हस्व-दीर्घावर तोललेले असते. परिणाम असा होतो, की परक्या चालीत बसविलेल्या मराठी गीतात कोठे तरी एखादा ऱ्हस्व स्वर ताणावा लागतो, कोठे क्रियापद मुरगळावे लागते. गाणारा श्रद्धेने गातो, पण त्याचा गळा अवघडलेला असतो. नाताळच्या गीतात हे अवघडलेपण विशेष जाणवते. कारण तो आनंदाचा सण आहे, आणि आनंद उसन्या चालीत व्यक्त करणे दुःख व्यक्त करण्याइतकेच कठीण असते.

मराठीत ही कोंडी ज्यांनी फोडली त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातील निर्णायक क्षण याच परिसराशी निगडित आहे. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. राजनांदगाव संस्थानातील त्या मुक्कामात डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने घरावर कोसळलेल्या आकांताची हकीगत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे, ती येथे सांगत नाही.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. गीतकार या नात्याने त्यांनी तो पूल पाडला नाही, हे त्यांचे मोठेपण. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती मंडळीत त्यांनी अभंग, ओवी, पदे आणि कीर्तन आणले. अशा रचना त्यांच्या आधीही झाल्या होत्या, पण त्या अपवादात्मक होत्या. टिळकांच्या हाती तो प्रवाह झाला. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात आजही त्यांची गीते विपुल आहेत आणि ती निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांत सारख्याच आपुलकीने गायिली जातात. ख्रिस्तजन्मापासूनची कथा ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले व ते अपुरे राहिले. १९१९ साली ते वारल्यानंतर लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले. जात्यावरच्या ओवीची सवय असलेल्या बाईला गव्हाणीतल्या बाळाची कथा आपल्या घरची वाटावी, ही सोय त्या छंदातच होती.

या उदाहरणाचे एक फार मोठे आणि अधिक वेदनामय भावंड अमेरिकेत आहे. मराठी विचाराला ते पूर्वीपासून परके नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना. तेथील कृष्णवर्णीयांचे दास्य आणि येथील शूद्रातिशूद्रांचे दास्य त्यांनी एका तराजूत घातले. काळाचा योग पाहण्यासारखा आहे. लोरला पाठविणारी जर्मन वसाहतवाल्यांची संस्था अमेरिकेत १८६५ साली स्थापन झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपविली. दुसऱ्याच वर्षी नॅशव्हिल येथे मुक्त झालेल्यांसाठी फिस्क विद्यालय निघाले. ते कर्जात बुडू लागले तेव्हा ऑक्टोबर १८७१ मध्ये तेथील काही विद्यार्थी गाणी गाऊन पैसे जमविण्यासाठी बाहेर पडले. प्रारंभी ते गोऱ्यांच्या पसंतीची गाणी गात. आपल्या आईबापांची मळ्यावरची भक्तिगीते चारचौघांत गाण्याचा त्यांना संकोच वाटे. पण श्रोत्यांना हलविले ते त्याच गीतांनी, आणि विद्यालय वाचले. पुढे फ्रेडरिक लाउडिनच्या नेतृत्वाखाली याच परंपरेतील एक संच १८८४ ते १८९० या काळात जगभर फिरला आणि हिंदुस्थानातही येऊन गेला.

या भक्तिगीतांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात. त्यांतील नाताळविषयक गीते समजून घ्यायची तर गुलामांचा नाताळ कसा होता हे पाहिले पाहिजे. बहुतेक मळ्यांवर २५ डिसेंबर ते १ जानेवारी हे दिवस सुटीचे असत. फ्रेडरिक डग्लस याने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात या सुटीचे कठोर विश्लेषण केले आहे. मालक या दिवसांत गुलामांना मुद्दाम दारू पाजत. मनात साठलेली बंडाची वाफ त्या वाटे निघून जावी, हा हेतू. हे खरेच. तरीही याच आठवड्यात दूरच्या मळ्यावर राहणारा बाप बायकामुलांना भेटायला येऊ शके, लग्ने लागत, रात्रभर गाणी होत.

आणि मग १ जानेवारी उजाडे. अनेक ठिकाणी तो हिशेबाचा दिवस होता. मालकाचे देणे फेडण्यासाठी कोणी विकला जाई, कोणी वर्षभराच्या कराराने दूर भाड्याने दिला जाई. हृदय फुटण्याचा दिवस, असे त्याला नावच पडले होते. नाताळच्या रात्री मूल मांडीवर घेऊन गाणाऱ्या आईला आठवड्यानंतर ते मूल आपल्यापाशी असेल की नाही याची खात्री नसे. गव्हाणीत जन्मलेल्या, राजाच्या शिपायांपासून वाचविण्यासाठी परमुलखात न्याव्या लागलेल्या बाळाची कथा तिला वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती. कृष्णवर्णीयांच्या नाताळ-गीतात आनंदाच्या तळाशी जो एक ओला, थरथरता स्वर ऐकू येतो, त्याचे मूळ माझ्या मते या आठवड्यात आहे. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनचा मुक्तिजाहीरनामा अमलात आला आणि दुःखाची तारीख मुक्तीची झाली. ३१ डिसेंबरच्या रात्री प्रार्थनागृहांत जागत बसण्याची प्रथा त्या स्मृतीने त्या समाजात आजही पाळली जाते.

या गायनाचे घटक मराठी श्रोत्याला वाटते तितके अपरिचित नाहीत. अक्षरओळख नसलेल्या मंडळीत म्होरक्या एक ओळ उच्चारी आणि सर्वजण ती संथपणे, आपापल्या हरकती घालीत म्हणत. आपल्या कीर्तनातील झिलकरी ध्रुपद उचलतात किंवा पंथीतील मंडळ ओळ झेलते, तोच हा प्रकार. दुसरा घटक स्वराचा. युरोपीय पेटीवर कोमल गांधार आणि शुद्ध गांधार या दोन निराळ्या पट्ट्या आहेत. हे गायक त्या दोहोंच्या मधल्या जागेवर उभे राहतात, तेथून घसरतात, पुन्हा चढतात. निषादाचेही तसेच. मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला त्यात बेसूर काही वाटत नाही. उलट पियानोच त्या ठिकाणी मुका वाटू लागतो. तिसरा घटक लयीचा. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर वजन न टाकता दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळी पडते. समेवर मान हलविणाऱ्या आपल्या श्रोत्याला येथे मात्र थोडे चुकल्यासारखे होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही माणसे लाखोंनी दक्षिणेचे मळे सोडून शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजलिस अशा शहरांकडे निघाली. शहरात रविवारचे प्रार्थनागृह आणि शनिवारचा गुत्ता यांच्यामध्ये अवघ्या एका रात्रीचे अंतर होते. थॉमस डॉर्सी हा दोन्हीकडचा माणूस. गुत्त्यात पियानो वाजविणारा हा गृहस्थ ‘ब्लूज’ या लौकिक शोकगीतांचा नामांकित वादक होता. १९३२ साली बाळंतपणात त्याची पत्नी गेली, पाठोपाठ नवजात मूलही गेले. त्या आघातातून त्याने जे प्रार्थनागीत रचले ते पुढे महालिया जॅक्सनच्या आवाजात जगभर पोचले. डॉर्सीने देवाच्या गीतात ब्लूजचे स्वर व ठेका आणला, आणि या प्रकाराला ‘गॉस्पेल’ हे नाव रूढ झाले. प्रारंभी शिष्ट मंडळ्यांनी त्याला दाराबाहेर काढले. गुत्त्यातील चाल देवासमोर कशी चालेल, हा त्यांचा आक्षेप होता. टाळमृदंगावरचा अभंग ऐकून एखाद्या नवख्रिस्ती मराठी माणसाच्या मनात जुन्या देवळाची शंका येणे आणि डॉर्सीचा पियानो ऐकून शिकागोच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडणे, या एकाच जातीच्या गोष्टी आहेत.

वीस वर्षांनी उलटा प्रवास झाला. १९५४ साली रे चार्ल्स या अंध गायकाने एका गॉस्पेल गीताच्या धाटणीवर प्रेयसीचे गाणे रचले. या वेळी कुरकुर केली ती बिग बिल ब्रून्झी या बुजुर्ग ब्लूज-गायकाने. देवाच्या घरचा आक्रोश या मुलाने बाजारात आणला, असे त्याचे म्हणणे पडले. बाजाराने मात्र तो डोक्यावर घेतला. कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांना तोवर व्यापारी ‘वंशाच्या मुद्रिका’ म्हणत; १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्राने ते नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ असे नाव दिले होते. त्यात प्रार्थनागृहाचा आर्त आवाज मिसळला आणि साठीच्या दशकात त्याला ‘सोल’ म्हणू लागले. सोल म्हणजे आत्मा. ‘जीव ओतून गाणे’ हा आपला वाक्प्रचार त्याच्या बराच जवळ जातो.

येथे मराठी आणि अमेरिकन वाटा वेगळ्या होतात, हे नमूद केले पाहिजे. टिळकांचे गीत मंडळीतच राहिले. ते बाजारात गेले नाही. ते रचणारा एक विद्वान, नाणावलेला कवी होता. स्पिरिच्युअलचे कर्ते अनामिक होते. शिवाय मराठी ख्रिस्ती माणसाच्या शेजारी अभंगाचा जिवंत झरा वाहत होता, तर गुलामांना त्यांच्या पूर्वजांच्या देवतांपासून समुद्राने तोडले होते. प्रार्थनागृहातून बाजाराकडे जाणारी वाट आपल्याकडे शोधायची तर गोव्याकडे पाहावे लागेल. पोर्तुगीज अमलातील चर्चच्या शाळांत गावोगाव मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत, आणि तीच मुले पुढे मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. १९३५ सालापासून लिऑन अ‍ॅबीसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपले संच घेऊन येत. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचलले. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा त्यांतला अग्रणी ट्रम्पेटवादक. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील ज्या ठेक्यांवर मराठी माणसाने मान डोलावली, त्यांमागे त्याचा हात होता. म्हणजे त्या संगीताचा नाचरा भाग आपल्यापर्यंत पोचला. त्याचा रडवा आणि प्रार्थनेचा भाग मात्र आला नाही.

आता ज्यांच्यासाठी हा प्रपंच केला त्या काही मुद्रिका. चार्ल्स ब्राउन हा टेक्सासचा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन लॉस एंजलिसला आलेला. १९४७ साली जॉनी मूरच्या ‘थ्री ब्लेझर्स’ या छोट्या संचाबरोबर त्याने ‘मेरी ख्रिसमस, बेबी’ गायिले. मंद पियानो, गिटारीचे दोन-तीन बारीक शब्द, आणि जवळ बसून बोलल्यासारखा आवाज. त्यात देवदूत नाहीत, गव्हाण नाही. कामगारवस्तीतील एका खोलीत सणाच्या दिवशी एक माणूस आपल्या सखीविषयी कृतज्ञ आहे, एवढाच विषय. रचनाकार म्हणून मुद्रिकेवर दुसऱ्यांची नावे छापली गेली. गाणे आपलेच, असे ब्राउन अखेरपर्यंत सांगत राहिला. १९६० साली त्याने घरी परत येण्याची विनवणी करणारे दुसरे नाताळ-गीत दिले. त्यात चर्चची घंटा वाजते, पण ती एकट्या माणसाला ऐकू येते. नंतर काळ बदलला आणि हा गायक विस्मृतीत गेला. नव्वदच्या सुमारास बॉनी रेट या गोऱ्या गायिकेने त्याला आपल्या दौऱ्यावर नेले आणि म्हातारपणी त्याला पुन्हा श्रोते मिळाले. १९९९ च्या जानेवारीत तो वारला. माझी निवड विचारली तर पहिला मान मी त्याच्या १९४७ च्या मुद्रिकेलाच देईन.

त्या आवाजाची जात नॅट किंग कोलची. जॉनी मूरचा भाऊ ऑस्कर हा कोलच्या त्रयीतला गिटारवादक, हा धागाही लक्षात घेण्याजोगा आहे. कोल शिकागोच्या एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. १९४६ साली त्याने गायिलेले ‘द ख्रिसमस साँग’ दोन गोऱ्या तरुणांनी १९४५ च्या ऐन उन्हाळ्यात, उकाड्याने हैराण होऊन, थंडीचे चित्र रंगवीत लिहिले होते. कोलच्या मखमली आवाजात ते देशभर घरोघरी पोचले. १९४८ साली याच कोलने लॉस एंजलिसच्या एका श्रीमंत वस्तीत घर घेतले, तेव्हा कृष्णवर्णीय शेजारी नको म्हणून तेथील रहिवाशांनी त्याला विरोध केला. त्याचा आवाज दिवाणखान्यात चालत होता, तो स्वतः गल्लीत चालत नव्हता. ज्याला पाणवठ्याची गोष्ट ठाऊक आहे त्या वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. कोलच्या गाण्यात या कडवटपणाचा मागमूस लागत नाही. काहींना तो त्याचा दोष वाटतो. मला तसे वाटत नाही.

ओटिस रेडिंगची तऱ्हा नेमकी उलट. बिंग क्रॉस्बीने १९४२ साली लोकप्रिय केलेले बर्फाळ नाताळाचे शांत गीत त्याने मेम्फिसच्या वादकांच्या साथीने असे गायिले, की चालीची चौकट प्रत्येक ओळीला तुटते की काय असे वाटावे. तो एखादा शब्द अर्ध्यावर सोडतो, पुन्हा धरतो, विनवतो. जॉर्जियाच्या उबदार प्रदेशात वाढलेल्या या माणसाला बर्फाचे काय अप्रूप असणार? तो हरवलेल्या घराविषयी गात आहे, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधील एका सरोवरात त्याचे विमान कोसळले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. ही मुद्रिका त्याच्या मागे, १९६८ साली प्रसिद्ध झाली.

या सर्व आर्त गाण्यांत डॉनी हॅथवेचे ‘धिस ख्रिसमस’ (१९७०) वेगळे उठून दिसते. भक्तिगीते गाणाऱ्या आजीने त्याला वाढविले होते आणि तीन वर्षांचा असल्यापासून तो प्रार्थनागृहात गात असे. या गाण्यात विरह नाही. पितळी वाद्ये खुलून वाजतात. घर सजले आहे, माणसे जमली आहेत, आणि ती कोणाचीही परवानगी न घेता सुखी आहेत. ज्या समाजाच्या नाताळावर शंभर वर्षांपूर्वी १ जानेवारीची सावली होती, त्याने असे निर्वेध सुख गाण्यात मांडणे ही लहान गोष्ट नव्हे. प्रसिद्ध झाले तेव्हा ते फारसे गाजले नाही; मागाहून, पिढी उलटल्यावर, ते घरोघरीचे झाले. स्वतः हॅथवे दीर्घ मानसिक आजाराने खचला होता. १९७९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खिडकीतून पडून त्याचा अंत झाला. त्याचे वय तेहेतीस होते.

आणि जेम्स ब्राउन. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शहरे पेटली. त्या वर्षअखेरीस ब्राउनने नाताळ-गीतांचा ‘अ सोलफुल ख्रिसमस’ हा संच काढला. त्यातील एका गाण्यात तो नाताळबाबाला सांगतो, की या खेपेस थेट काळ्यांच्या दरिद्री वस्तीत जा. वरवर गंमतीचे वाटणारे हे गाणे ऑगस्टाच्या रस्त्यावर लोकांचे जोडे पुसून वाढलेल्या मुलाचे आहे. नाताळबाबा ज्या गल्लीत कधी येत नाही ती गल्ली त्याने पाहिलेली होती. पुढे तो दरवर्षी ऑगस्टात मुलांना खेळणी वाटत असे. २२ डिसेंबर २००६ रोजीही त्याने ती वाटली. नंतर प्रकृती बिघडली आणि २५ डिसेंबरच्या पहाटे अटलांटाच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. २८ तारखेला पांढऱ्या घोड्यांच्या गाडीतून त्याचे शव हार्लेमच्या अपोलो नाट्यगृहात नेण्यात आले. दर्शनासाठी हजारो माणसे थंडीत रांगा लावून उभी होती; रस्त्यावर त्याच्या मुद्रिका वाजत होत्या आणि रांगेतले कित्येक जण त्या ठेक्यावर नाचत होते.